बंद पडलेली खाती

सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. लूमचं खातं, एम्ब्रॉयडरीचं खातं. बाहेरच्या माणसाचा त्यात आणि बँकेच्या खात्यात गोंधळ होतो, आमचा कधी झाला नाही. वडील जन्मभर खात्यावर जात होते, म्हणजे लूमवर. बँकेत ते गेले असतील तर पासबुक भरून घ्यायला. मी मात्र या दोन खात्यांच्या मधोमध जाऊन बसले. पीएच.डी.साठी मी विषय घेतला, की बँकेचं कर्ज मिळाल्यावर छोट्या एम्ब्रॉयडरी खात्यांचा कारभार सुधारतो का.

मी एका खासगी कॉलेजात कॉमर्स शिकवते. नोकरी तासिकेवर, म्हणजे जितके तास तितका पगार, आणि मे महिन्यात काहीच नाही. पीएच.डी. झाली तर कायम होण्याची आशा होती. माझे गाइड सर सुरती गुजराती, मृदू माणूस. त्यांनी आखणी करून दिली. एकदा जायचं, खातं कसं चाललंय ते विचारायचं. दीड वर्षानं पुन्हा त्याच खात्यांत जायचं आणि फरक बघायचा. कागदावर हे फार सुबक दिसत होतं.

पहिल्या फेरीतल्या खात्यांत माझ्या मोठ्या भावाचंही खातं होतं. सरांना मी आधीच सांगितलं होतं की यातलं एक खातं घरचं आहे. ते म्हणाले, एखादं चालेल, तशी नोंद कर.

भाऊ वडिलांसारखाच आधी लूमवर होता, मग एम्ब्रॉयडरी मशीनवर ऑपरेटर झाला, आणि मग बँकेनं कर्ज दिलं तेव्हा बमरोलीला भाड्याच्या गाळ्यात त्यानं स्वतःचं खातं टाकलं. दोन लांबलचक मशीनं, ओडिशाचे चार कारीगर, आणि मार्केटातून येणारं जॉबवर्क. साड्यांचे ताके यायचे, त्यांवर वेलबुट्टी भरून परत जायचे. मी प्रश्न विचारायला गेले त्या दिवशी त्यानं हातपाय धुऊन, केस विंचरून, धुतलेला शर्ट घातला होता. बँकेचा साहेब आल्यासारखा तो माझ्यासमोर ताठ बसला. मशीनांच्या खडखडाटात मला ओरडून विचारावं लागत होतं, आणि तो तितक्याच जोरानं ओरडून उत्तरं देत होता. पाच वर्षांनी धंदा कुठे असेल, या प्रश्नावर तो थोडा लाजला. गाळा स्वतःचा असावा, एवढंच म्हणाला.

मग बाजार फिरला. कोणी कोणाला लुबाडलं नाही, आग लागली नाही, पूर आला नाही. डिजिटल प्रिंट स्वस्त झाली इतकंच. जी वेलबुट्टी आमची मशीनं धाग्यानं भरायची, तिचा फोटोच आता कापडावर छापून यायला लागला. लांबून फरक कळत नाही, आणि बायका साडी लांबूनच पसंत करतात असं मार्केटवाल्यांनी ठरवलं होतं.

दुसऱ्या फेरीला मी होळीनंतर निघाले. बमरोलीच्या त्या गल्लीत शिरले तेव्हा पहिल्यांदा जाणवली ती शांतता. तिथे माणसं कायम ओरडून बोलायची. आता एका गाळ्यात कुणी नळ सोडला होता तो लांबून ऐकू येत होता. माझ्या यादीतल्या एकामागून एका गाळ्याची शटरं खाली होती. कुणाला विचारलं तर म्हणायचे, गेला. कुठे गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं.

भावाचं शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत गेले. दिवे बंद होते. दोन्ही मशीनं थांबलेली. भाऊ स्टुलावर बसून एक एक सुई फडक्यानं पुसत होता. डब्याची पिशवी मशीनच्या दांड्याला टांगलेली. मला पाहून तो उठला नाही आणि दचकलाही नाही.

घरी आम्ही अहिराणीच बोलतो. तो म्हणाला, "ये. बस. तुना प्रश्न इचार."

मी म्हटलं, राहू दे. तर तो हट्टाला पेटला. म्हणाला, एवढ्या लांबून रिक्षा करून आलीस, कामाला आलीस, काम कर. मग मी विचारलं. कामगार किती?

"मी."

मशीन दिवसाला किती वेळ चालतं? त्यानं हातातलं फडकं उचलून दाखवलं.

"पुसस मी रोज," तो म्हणाला. "पुसानं धरतस का तुम्ही?"

पुसण्यात गेलेल्या वेळेला माझ्या प्रश्नावलीत रकाना नव्हता. उत्तरं भरत होते तो मोबाइल मी पिशवीत टाकला.

त्यानं हळूहळू सांगितलं. दिवाळीनंतर काम आलंच नाही. कारीगरांना त्यानं गावी पाठवलं. घरी फक्त मंदी आहे एवढं बोलला. तेव्हापासून रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, शटर उघडायचा, तेलपाणी करायचा, डबा खायचा, आणि खातं सुटायच्या वेळी घरी परतायचा. मशीन फार दिवस बंद राहिलं तर जाम होतं, म्हणून पुसावं लागतं, असं तो मला समजावत होता. घर कसं चालवतोस ते मी विचारलं नाही. त्याच्या गळ्यातली चेन दिसत नव्हती.

निघताना तो म्हणाला, "घरमा सांगू नको."

मी म्हटलं, वहिनीला आज ना उद्या कळणारच.

"कळी तवय कळी."

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. सांगितलं की माझ्या यादीतली कितीतरी खाती आता नाहीतच. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांना माझी दया येत होती, हे दिसत होतं. ते म्हणाले, यात घाबरण्यासारखं काही नाही, असं होतंच. जी बंद पडली ती यादीतून काढ. उरलेल्यांवर हिशेब कर. मर्यादांच्या प्रकरणात एक ओळ टाकून दे.

मी म्हटलं, सर, पण मग बँकेचं कर्ज घेऊन बुडाले ते दिसणारच नाहीत. फक्त तगलेले दिसतील, आणि कर्जानं सगळ्यांचं भलं झालं असं निघेल.

ते शांतपणे म्हणाले, "बेन, आपण चालत्या धंद्याचा अभ्यास करतोय. मेलेल्याची नाडी कशाला बघायची?"

ते चुकीचं बोलत नव्हते. सगळे तसंच करतात. माझी मुदत संपत आली होती, एकदा वाढवूनही झाली होती. पण घरी येऊन यादी उघडली आणि भावाच्या ओळीवर बोट ठेवलं, तेव्हा ती ओळ पुसायला हात उचलला गेला नाही. तो माझा भाऊ होता म्हणून, हे मी मान्य करते. बाकीच्यांच्याही कुणाच्या तरी बहिणी असतील हे मला त्यानंतर सुचलं.

मी भावाला म्हटलं, बंद पडलेल्यांना शोधायचंय. तुझ्याकडे बाइक आहे. चल माझ्याबरोबर.

तो लगेच हो म्हणाला. सकाळी डबा घेऊन निघायला त्याला आता खरं कारण मिळालं होतं.

पहिला माणूस भेस्तानला सापडला. मूळचा शहाद्याकडचा. पहिल्या फेरीत यानं मला थंड पेय पाजून स्वतःची हकीकत मोठ्या तोऱ्यात ऐकवली होती. आता एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन होता. गणवेश त्याच्या मापाचा नव्हता, खांदे खाली ओघळले होते. मी ओळख सांगितली तर म्हणाला, मी तो नव्हे. मी खात्याचं नाव घेतलं. तो म्हणाला, ताई, गाड्या येतात, बाजूला व्हा.

मी परत फिरले. भाऊ बाइकवर बसून बघत होता. तो उतरला, गाडी स्टँडला लावली, गेटपाशी गेला आणि म्हणाला, "मनं बी बंद पडी गयं, दादा."

इतके महिने घरी ज्याला हे उच्चारता आलं नव्हतं, तो एका परक्या माणसाला हे सहज सांगून उभा होता. वॉचमननं त्याच्याकडे पाहिलं. मग आपली प्लास्टिकची खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि स्वतः पायरीवर बसला.

त्यानं मग पुष्कळ सांगितलं. शेवटचे काही महिने तो रोज मार्केटात जायचा. ओळखीचे शेठ बसवून घ्यायचे, पाणी द्यायचे, मुलाबाळांची चौकशी करायचे. काम नाही असं तोंडानं कुणी म्हणायचं नाही. उद्या बघू म्हणायचे. "पानी पी पी सन पोट फुगी गयं," तो म्हणाला आणि हसला. भाऊही हसला. मी त्या दोघांकडे बघत होते, आणि मला ते हसणं सहन होत नव्हतं.

असे आम्ही बरेच दिवस फिरलो. काही सापडले, काही गावी गेले होते, एकाच्या दारात आम्हाला शिव्या खाव्या लागल्या. प्रत्येक ठिकाणी आधी भाऊच बोलायचा, तेच एक वाक्य, आणि मग मी.

गोडादऱ्याला आमच्याच भागात एक बाई राहत होती. भुसावळकडचं बौद्ध कुटुंब, नवरा रेल्वेत. तिनं स्वतःच्या हिमतीवर खातं उभं केलं होतं, बायकांनाच मशीन शिकवून कामाला ठेवलं होतं. मी पोचले तेव्हा ती जमिनीवर साडी पसरून तिच्यावर खडे चिकटवत होती, नगावर मजुरी. हात न थांबवता तिनं सगळी उत्तरं नीट दिली. रडगाणं नाही, कुणाला दोष नाही. शेवटी मी नेहमीप्रमाणे विचारलं, आणखी काही सांगायचंय का?

ती म्हणाली, "एक काम कराल? कर्ज मंजूर झालं तेव्हा बँकेनं माझा हार घालून फोटो काढला होता. यशस्वी महिला उद्योजक म्हणून. तो अजून ब्रँचमधे लावलेला आहे. तेवढा काढायला सांगा. माझं जाणंयेणं त्याच रस्त्यानं आहे."

मी त्या ब्रँचला गेले. फोटो होता, दारातून शिरताच समोर. हारात ती ओळखू येणार नाही इतकी तरुण दिसत होती. तिथला अधिकारी माझ्याशी सभ्यपणे बोलला. म्हणाला, हे बोर्ड वरून येतात, आम्हाला हात लावता येत नाही, अर्ज देऊन ठेवा. मी अर्ज दिला. महिन्याभरानं चौकशी केली तेव्हा त्याची बदली झाली होती, आणि नव्या माणसाला मी काय म्हणतेय तेच कळेना. त्या बाईला काय सांगावं हे न सुचल्यामुळे मी तिच्या गल्लीतून जायचं टाळायला लागले. तिला फोटोचा रस्ता चुकवता येत नव्हता, आणि मी तिची गल्ली चुकवत होते.

तिच्याकडून परतलो त्याच दिवशी भाऊ मला घरी सोडायला न जाता सरळ त्याच्या घरी घेऊन गेला. वहिनी दारात मेथी निवडत होती. भाऊ चपला न काढता उभा राहिला आणि जे वाक्य दारोदार बोलत होता तेच तिला म्हणाला. आपलं खातं बंद पडलंय. दिवाळीपासून.

वहिनी ओरडली नाही. हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "मंग डबा मी कोनले देत व्हतू?"

 तिनं माझ्याकडे मान वळवली आणि विचारलं, ताई, तुम्हाला ठाऊक होतं? मी हो म्हटलं. ती मेथीची परडी उचलून आत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. खातं बुडाल्याचा तिला राग नव्हता. गावभर सांगून झाल्यावर आपली पाळी आली, याचा होता. आणि भावाला वाटलं होतं की सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आमचं फिरणंही संपलं होतं, आता सकाळी निघायलाही कारण उरलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला.

उन्हाळ्यात बँकेची माणसं मशीनं न्यायला आली. नोटिसा आधीच येऊन गेल्या होत्या. मला भावानं बोलावलं नव्हतं, वहिनीनं फोन केला. एवढंच म्हणाली, तुम्ही जा, माझ्यानं बघवणार नाही. मी गेले तेव्हा मजूर मशीन ओढत होते आणि ते दारातून निघत नव्हतं. आणलं होतं तेव्हा शटर बसवलेलं नव्हतं. आता शटरची चौकटच काढावी लागणार होती. मजूर पहार घेऊन आले, तसा भाऊ पुढे झाला. म्हणाला, पहार नको, मशीन वाकेल. त्यानं स्वतः पाना घेतला, कुठला बोल्ट आधी काढायचा ते दाखवलं, मशीनच्या सुयांच्या तोंडांना जुन्या गाद्यांचा कापूस बांधला. दोन्ही मशीनं टेंपोत चढेपर्यंत तो ओणवा होऊन खालची बाजू सांभाळत होता. बँकेचा माणूस त्याला थँक्यू म्हणाला.

त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो घरातून निघाला आणि मोबाइल उशाशीच ठेवून गेला.

दुपार टळली तरी आला नाही. वहिनी माझ्या दारात आली. तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. आम्ही रिक्षा केली. आधी बमरोलीचा गाळा बघितला, तिथे दुसऱ्याच कुणाची पोती रचलेली होती. मग भेस्तानच्या वॉचमनला विचारलं. त्यानं गेट दुसऱ्याकडे सोपवलं आणि आपल्या सायकलवर शोधायला निघाला. मी रिक्षावाल्याला म्हटलं, कालव्याच्या रस्त्यानं घे. का, ते वहिनीनं विचारलं नाही. ती दोन्ही बाजूंना पाण्याकडे बघत होती आणि मीही. तापीच्या पुलाचं नाव आम्ही दोघींनीही काढलं नाही. 

उधन्याला स्टेशनाबाहेर वहिनी एकदम म्हणाली, थांबवा. आमच्या गावाकडच्या गाड्या तिथून सुटतात. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव. आम्ही आत गेलो. उन्हं उतरली होती. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, शेड संपते तिथल्या बाकावर भाऊ बसला होता. हातात तिकीट होतं. गाडी कधीच निघून गेली होती.

मी लांबच थांबले. वहिनी जाऊन त्याच्या शेजारी बसली.  मग मी जवळ गेले तेव्हा तो तिला सांगत होता, "गावले जावाना इचार व्हता. पन तठे जाईसन काय सांगू?"

वहिनी म्हणाली, "काई सांगू नको. घर चाल."

तो उठला. चालताना तिनं त्याच्या शर्टाचं टोक धरलं होतं, लहान मुलाचं धरावं तसं, आणि रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही.

पावसाळ्यात संशोधन समितीपुढे प्रबंधाआधीचं माझं सेमिनार झालं. मी बंद पडलेल्या खात्यांसकट सगळं मांडलं. चालू खाती तेवढी घेतली की बँकेच्या कर्जाचा फायदा ठळक दिसत होता. बंद पडलेली मिळवली की तो जवळजवळ विरून जात होता. बाहेरून आलेले तज्ज्ञ म्हणाले, बंद उद्योगाला कामगिरीच नसते, मग तुम्ही मोजता काय? मी उत्तर पाठ करून गेले होते, संदर्भांसह. ते आठवलं नाही. मी म्हटलं, सर, ही खाती पहिल्या फेरीत होती. त्यांनी मला चहा पाजला. ती नव्हतीच असं मी कसं लिहू?

कुणीतरी हसलं, वाईट हेतूनं नाही. समितीनं लिहून दिलं की केवळ चालू खात्यांवर विश्लेषण करून मुदतीत प्रबंध द्यावा, अन्यथा मुदतवाढीचा विचार विद्यापीठ करेल.

बाहेर व्हरांड्यात सर माझ्याजवळ आले. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "बेन, तुझं बरोबर असेल. पण मी वर्षअखेर रिटायर होतोय. माझ्यानंतर तुला कोण हाताखाली घेणार, याचा विचार केलास?"

मी केला नव्हता. अजूनही सुचलेलं नाही. मुदतवाढीचा अर्ज विद्यापीठात पडून आहे. कॉलेजानं निरोप दिलाय की पुढच्या सत्रात तासिका देताना पीएच.डी. असणाऱ्यांना आधी बोलावलं जाईल. रोज सकाळी वाटतं की आज त्या ओळी पुसून टाकाव्यात, संध्याकाळपर्यंत काम होईल. मग फाइल उघडते, आणि तशीच बंद करते. यात काही मोठेपणा नाही. मला ते जमत नाही, इतकंच.

भावाला मार्केटातल्या एका गोदामात साड्यांची घडी घालून पॅकिंग करायचं काम मिळालंय. उभ्यानं काम आहे, त्याचे पाय सुजतात. तो पूर्वीसारखा बोलत नाही, पण जेवतो, आंघोळ करतो, मुलीची शाळेची फी भरायला स्वतः गेला होता. वहिनी रोज त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला जाते आणि रिक्षा वळेपर्यंत तिथेच उभी राहते.

परवा रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. भाऊ आत झोपला होता. वहिनी भाकरी थापत होती. कितीतरी महिन्यांनी तिनं आपणहून विचारलं, ताई, तुमचं ते कॉलेजाचं काय झालं? मी सांगितलं, बहुतेक काही होणार नाही. आणि सांगता सांगता मला रडू फुटलं. मला वाटलं नव्हतं तसं होईल.  तिनं तव्यावरची भाकर उलटली, पिठाचा हात पदराला पुसला, आणि आत भावाला जाग येऊ नये म्हणून मधलं दार लोटून घेतलं.

"रडी ले," ती म्हणाली. "तो जागे व्हवाना पहिले."